विद्यापीठांचे ध्येय आणि आपला वाटा



बारावीचे निकाल लागले की पेण आणि रोह्याच्या घराघरांतून महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका फिरू लागतात. आपण पुस्तिका हाती घेतो आणि थेट फीचे पान उघडतो. त्यात गैर काही नाही. ज्याच्या खिशातून पैसा जायचा, त्याने तो आधी मोजावाच. परंतु त्या पानाच्या कितीतरी आधी आणखी एक पान असते, जे सहसा कोणी वाचत नाही. त्यावर ‘आमचे ध्येय’ किंवा ‘व्हिजन-मिशन’ असा मथळा असतो आणि खाली चार-सहा भारदस्त वाक्ये असतात : सर्वांना समान संधी, जागतिक दर्जाचे शिक्षण, समाजाशी बांधिलकी, इत्यादी इत्यादी. लग्नपत्रिकेवरचा ठराविक मजकूर डोळ्यांखालून जावा तशी ती वाक्ये आपल्या डोळ्यांखालून जातात.

या लेखात मला आपणास एवढेच सांगावयाचे आहे की, ते पान शोभेचे नव्हे. त्यातील एकेका शब्दामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. तो लंडन, टोकियो, पॅरिस आणि दिल्ली असा फेरा घालून आपल्या भोगावती आणि कुंडलिकेच्या काठी येऊन पोहोचतो. विद्यापीठाने लिहून दिलेले ध्येय हे एक वचन असते, आणि जो समाज त्याची आठवण देत राहतो त्याच्याच पदरात ते पडते, असे हा इतिहास सांगतो. तो जरा सविस्तर पाहू.

१८५७ चे वचन

१८५४ साली इंग्लंडहून एक सरकारी खलिता हिंदुस्थानात आला. तो ‘वुडचा खलिता’ म्हणून प्रसिद्ध आहे. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे विद्यापीठे काढावीत आणि ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर असावीत, अशी त्याची शिफारस होती. त्यानुसार १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. तिकडे उत्तरेत उठावाचा वणवा पेटलेला होता आणि त्याच दिवसांत इकडे विद्यापीठाचा जन्म होत होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या काळी ‘मिशन स्टेटमेंट’ हा शब्द कोणाला ठाऊक नव्हता. कायद्याची प्रस्तावना हेच विद्यापीठाचे ध्येय. मुंबईच्या कायद्याची प्रस्तावना साध्या मराठीत सांगायची तर अशी : राणीच्या प्रजेतील सर्व वर्गांच्या आणि सर्व धर्मपंथांच्या लोकांना नियमित व उदार शिक्षणासाठी उत्तेजन द्यावे, साहित्य, विज्ञान आणि कला यांत कोणी प्रावीण्य मिळविले आहे हे परीक्षा घेऊन ठरवावे, आणि त्यांचा पदवी देऊन गौरव करावा.

‘सर्व वर्ग आणि सर्व धर्मपंथ’ हे शब्द मुंबईत घडलेले नाहीत. लंडन विद्यापीठाला १८३६ साली जी सनद मिळाली, तिच्यातून ते आले. तेथे त्यांना मोठा अर्थ होता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही जुनी विद्यापीठे त्या वेळी इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या अनुयायांपुरतीच होती. इतर पंथांचे ख्रिस्ती, यहुदी, कॅथलिक यांना तेथील पदवीचा मार्ग बंद होता. त्यांच्यासाठी लंडनचे दार उघडले गेले. म्हणजे इंग्लंडमधल्या धार्मिक भांडणातून जन्मलेले एक वाक्य समुद्र ओलांडून मुंबईत आले आणि कोकणातील एखाद्या मुसलमान नाखवाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलालाही, निदान कागदावर, पदवीचा हक्क देऊन गेले.

निदान कागदावर, असे मी मुद्दाम म्हणतो. नवे विद्यापीठ स्वतः शिकवीत नव्हते. शिकवायचे काम महाविद्यालयांचे, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची. १८६२ साली पहिले चार बी. ए. झाले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पेण किंवा रोह्याच्या मुलाला त्या मार्गाने जायचे तर घर सोडून मुंबई गाठायची, तेथे राहण्या-जेवणाची सोय पाहायची आणि सगळा अभ्यास इंग्रजीतून करायचा. धर्म आडवा येत नव्हता. आडवा येत होता पैसा, अंतर आणि भाषा. वचन खोटे नव्हते, पण ते घरापर्यंत पोहोचत नव्हते.

ही गोष्ट ज्यांच्या लवकर ध्यानी आली त्यांत बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १८६७ साली ते मुंबईतील पहिले हिंदी बॅरिस्टर झाले, आणि १८७४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन केली. विद्यापीठाचे दार उघडे असूनही आपली मुले त्या दारापर्यंत जात नाहीत, तर दारापर्यंतचा रस्ता आपणच बांधला पाहिजे, हा त्यामागील विचार. आज ज्या संस्थेची ही स्मरणिका आपण वाचत आहात, तिच्यासारख्या गावोगावच्या शिक्षणसंस्था त्याच रस्त्याचे पुढचे टप्पे आहेत.

लिहायचा राहिलेला शब्द

आता त्या जुन्या प्रस्तावनेकडे पुन्हा एकदा पाहा. वर्ग आले, धर्मपंथ आले, पण स्त्रिया? त्यांचा उल्लेखच नाही. गादीवर राणी होती, आणि तिच्या प्रजेतील निम्मे लोक त्या वाक्यात धरलेलेच नव्हते! नियमांत विद्यार्थी सर्वत्र पुल्लिंगी होता. लंडन विद्यापीठाने १८७८ साली स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या. त्यानंतर १८८३ साली मुंबई विद्यापीठानेही, पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश आहे असे ठरविले. त्याच दशकाच्या अखेरीस कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. एका शब्दाचा अर्थ लावायला पाव शतक लागले. ध्येयाच्या वाक्यात कोण आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोण नाही हेही महत्त्वाचे असते.

याच संदर्भात आपल्या जिल्ह्याशी नाते असलेले एक नाव सांगतो. रोह्याला लागून असलेल्या मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या पत्नी नाझली बेगम या फैजी घराण्यातील. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळवून लंडनला शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेण्यासाठी गेल्या, आणि तेथील दिवसांची त्यांनी उर्दूत लिहिलेली रोजनिशी पुढे प्रसिद्धही झाली. शतकाहून अधिक काळापूर्वी एक मुस्लिम तरुणी उच्च शिक्षणासाठी सातासमुद्रापार गेली. मुलीला रोह्याहून मुंबईस पाठवावे की नाही या विचारात आज जे पालक असतील, त्यांनी हे वर्ष क्षणभर आठवावे.

दहा वर्षांनी, १९१६ साली, कोकणातल्याच मुरूडचे (हे मुरूड दापोलीजवळचे) महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि तिच्यातून त्यांना ही कल्पना स्फुरली. पाहा, एक माहितीपुस्तिका नीट वाचली म्हणून काय घडू शकते! कर्व्यांनी जपानचा कित्ता डोळे मिटून गिरवला नाही. मुलींना त्यांच्या मातृभाषेतून शिकवायचे, हे त्यांनी आपल्या विद्यापीठाचे मुख्य सूत्र केले. अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झालेले हे विद्यापीठ पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने भक्कम झाले आणि आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. कल्पना बाहेरची, पण भाषा आणि गरज घरची, असा मेळ त्यांनी घातला.

पॅरिस, दिल्ली आणि रोहे

दुसरे महायुद्ध संपले आणि शिक्षणाचे ध्येय एकेका देशापुरते न राहता साऱ्या जगाचे मिळून लिहिले जाऊ लागले. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे २६ वे कलम शिक्षणाविषयी आहे. उच्च शिक्षण गुणवत्तेच्या आधारे सर्वांना सारखेच खुले असावे आणि शिक्षणाने राष्ट्राराष्ट्रांत, वंशावंशांत, धर्मगटांत स्नेह वाढावा, असे ते सांगते. या जाहीरनाम्याच्या घडणीत भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द होते. त्यांनी आग्रह धरून तेथे ‘सर्व मानव’ असे शब्द घालायला लावले. मुंबईच्या कायद्यात जी चूक होती, ती जगाच्या जाहीरनाम्यात होऊ नये म्हणून एका भारतीय बाईने दक्षता घेतली. त्याच पुढे बडोद्याच्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

आपल्या संविधानाने याच विचाराला कायद्याचे बळ दिले. त्यातील ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. आपली संस्था उभी आहे ती या हक्काच्या पायावर.

आणि आता १९५६ सालाकडे या. त्या वर्षी युनेस्कोची सर्वसाधारण परिषद नवी दिल्लीत भरली आणि तिचे अध्यक्ष होते भारताचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद. ज्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्‌घाटन १९५३ साली मौलानांच्याच हस्ते झाले होते, त्याला १९५६ च्या कायद्याने पक्के स्वरूप मिळाले. त्या आयोगाच्या अध्यक्षपदी आले ते डॉ. चिंतामणराव देशमुख, आपल्या रोह्याचे!

चिंतामणरावांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला, आणि बालपण रोह्यात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला जाऊन त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेतही पहिला क्रमांक पटकावला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे जागतिक अर्थव्यवस्थेची घडी बसविणारी परिषद झाली, तिला भारताच्या वतीने ते हजर होते. १९५२ साली कुलाबा जिल्ह्यातून ते लोकसभेवर निवडून गेले (१ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्याचे नाव रायगड झाले). मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारा हा मानी माणूस त्याच वर्षी देशातील विद्यापीठांचा कारभार पाहू लागला आणि १९६१ पर्यंत त्या पदावर राहिला. विद्यापीठांमध्ये समन्वय साधणे आणि शिक्षणाचा दर्जा ठरवून तो राखणे, हे त्या आयोगाला कायद्याने दिलेले काम. दर्जा आणि समान संधी ही दोन चाके एकाच गाडीची आहेत, एक चाक काढले तर गाडी चालत नाही. कुंडलिकेच्या काठचा मुलगा देशाच्या विद्यापीठांचा दर्जा ठरविणाऱ्या खुर्चीवर बसला, ही गोष्ट आपल्या मुलांना किती जणांनी सांगितली आहे?

पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने देशाच्या शिक्षणाची पाहणी केली. त्याचे सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, आणि सदस्यांत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि जपान येथील शिक्षणतज्ज्ञ होते. आपल्या शिक्षणाचे ध्येय ठरविताना जगाचा अनुभव विचारात घ्यायचा, ही रीत तेव्हाच रुळली.

आजचे पान

‘मिशन स्टेटमेंट’ हा शब्द मूळचा उद्योगधंद्यांच्या व्यवस्थापनातला. तेथून तो विद्यापीठांत शिरला. आपल्याकडे १९९४ साली ‘नॅक’ ही महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था स्थापन झाली आणि मूल्यांकनासाठी प्रत्येक महाविद्यालयाला आपले ध्येय लिहून द्यावे लागले. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात विद्यापीठांची उद्दिष्टे कलमवार दिली गेली. स्वातंत्र्य, धर्मनिरपेक्षता, समता आणि सामाजिक न्याय यांना चालना देणे व स्थानिक विकासाच्या प्रश्नांशी ज्ञानाचे नाते जोडणे, ही त्यांतील महत्त्वाची. २०१६ च्या नव्या कायद्यानेही उद्दिष्टांचे कलम कायम ठेवले.

२०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे जाहीर केली. त्यांतील चौथे शिक्षणाचे. २०३० पर्यंत सर्व स्त्री-पुरुषांना परवडणारे आणि दर्जेदार तांत्रिक, व्यावसायिक व विद्यापीठीय शिक्षण समानतेने मिळावे, असे त्यात म्हटले आहे. १८३६, १८५७, १९४८ आणि २०१५ ही वाक्ये एकाखाली एक मांडून पाहा. शब्द बदलले, पण ‘सर्वांना’ हा शब्द प्रत्येक वेळी परत आला. लोकांनी धरून ठेवला म्हणून तो टिकला, आणि अजून पुरा झाला नाही म्हणून तो पुन्हा लिहावा लागला.

पुरा झाला नाही, याचा हिशेब कटू आहे. २००६ च्या सच्चर समितीला असे आढळले की नामांकित महाविद्यालयांत पदवी वर्गातील दर २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गातील दर ५० मागे एकच विद्यार्थी मुस्लिम आहे. २०११ च्या जनगणनेत देशात मुस्लिमांचे प्रमाण १४.२ टक्के होते. २०२०-२१ च्या सरकारी पाहणीत उच्च शिक्षणातील त्यांचे प्रमाण ४.६ टक्के निघाले. संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना आधार देणारी, मौलाना आझादांच्याच नावाची राष्ट्रीय छात्रवृत्ती २०२२ साली बंद करण्यात आली. दिलेले वचन मागेही घेतले जाऊ शकते, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

पण दुसरी बाजूही पाहा. १८५७ साली आपल्या मुलाला मुंबई गाठावी लागे. आज पेण आणि रोहे येथेच पदवीचे शिक्षण मिळते, आणि ती पदवी त्याच मुंबई विद्यापीठाची असते. १९८९ च्या कायद्याने आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. ज्या महाडच्या भूमीत बाबासाहेबांनी १९२७ साली समतेचा लढा दिला, तिच्या शेजारीच त्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे. २०२४ साली राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. आपल्या बिरादरीतील अनेक जमाती इतर मागास वर्गात मोडतात. तरीही जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर न काढल्यामुळे किती मुली या सवलतीला मुकत असतील!

‘जागतिक दर्जा’ हा शब्द तर आपल्या घरांना वेगळा समजावून सांगायला नको. कोकणातील किती मुसलमान कुटुंबांचा कर्ता पुरुष आखाती देशांत नोकरीला आहे! पदवीच्या प्रमाणपत्रावर शिक्के मारून घेण्यासाठी किती हेलपाटे पडतात, आणि पदवी आहे की नाही यावर पगाराचा आकडा कसा बदलतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. एका देशाच्या पदवीला दुसऱ्या देशात मान मिळावा म्हणून युनेस्कोने २०१९ साली एक जागतिक करार केला आणि ५ मार्च २०२३ पासून, ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांच्यापुरता, तो अमलात आला. जगाचे दार आता पदवी पाहून उघडते. ती पदवी खऱ्या दर्जाची असावी, एवढेच आपण पाहायचे.

आपण काय करावे?

तेव्हा यंदा माहितीपुस्तिका हाती आली की फीच्या पानाआधी ध्येयाचे पान वाचा. महाविद्यालयाचे संकेतस्थळ असेल तर मुलांकडून ते उघडून घ्या. ‘सर्वांना समान संधी’ असे लिहिले असेल तर प्रवेशाच्या वेळी नम्रपणे विचारा : शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येथे कोण मदत करते? मुलींच्या वसतिगृहाची काय सोय आहे? शेवटची एस. टी. सुटण्यापूर्वी प्रात्यक्षिके संपतात काय? ‘जागतिक दर्जा’ लिहिला असेल तर प्रयोगशाळा आणि ग्रंथालय पाहून या. ‘समाजाशी बांधिलकी’ लिहिली असेल तर विचारा, पेणच्या खारजमिनीत शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याचा किंवा धाटावच्या कारखान्यांमुळे कुंडलिकेवर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास येथील विद्यार्थी करतात काय? हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. त्यांनीच लिहिलेल्या वाक्याचा अर्थ आपण त्यांना विचारीत आहोत.

विद्यार्थी मित्रांनो आणि विशेषतः मैत्रिणींनो, तुमच्यासाठी एक शेवटचा शब्द. दरवर्षी बारावीनंतर आपल्यातील काही मुलींची पुस्तके कायमची माळ्यावर जातात. घरी कोणी वाईट नसते. काळजी असते, अंतर असते, लोक काय म्हणतील ही धास्ती असते. अशा वेळी अब्बांशी भांडू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि ते पहिले पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘सर्वांना’ या शब्दापाशी थांबा आणि विचारा, अब्बा, यात मी आहे ना?

उत्तर काय द्यायचे, हे पालकांनो, आपल्या हाती आहे. लंडनने, पॅरिसने आणि दिल्लीने आपापला शब्द लिहून ठेवला आहे. आता पेण-रोह्याच्या घरांनी आपला लिहायचा आहे.